मूल्य ठरविणे आणि मूल्य वापरणे

किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीत प्रत्येक पानाच्या शिरावर 'मागील बाकी' असे दोन शब्द लिहिलेले असतात. शब्द तेच राहतात. त्यांच्यापुढील आकडा मात्र पानोपानी बदलतो. काल तो १४० होता, आज ११५ आहे, आणि उद्या गिऱ्हाइकाने सर्व पैसे चुकते केले तर तो शून्य होईल. 'मागील बाकी' हे एका जागेचे नाव आहे आणि या घटकेस त्या जागेत जो आकडा आहे, ते तिचे मूल्य आहे. नाव स्थिर, मूल्य चल! ही एवढी गोष्ट ज्याला नीट समजली, त्याला आजच्या एका उपयुक्त साधनाचे निम्मे मर्म समजले, असे म्हणावयास हरकत नाही.

ते साधन म्हणजे नो-कोड कार्यप्रवाह रचण्याची सोय. संगणकाची भाषा लिहिता न येणाऱ्या माणसालाही पडद्यावर चौकटी मांडून आणि त्या एकमेकींस जोडून यंत्राकडून ठरावीक काम करून घेता यावे, हा तिचा हेतू होय. 'अमुक वेळ झाली की तमुक यादी वाच, तीतून अमुक निवड आणि तमुक माणसास निरोप धाड,' अशा आज्ञांची ही साखळी असते. २०११ साली स्थापन झालेले झॅपियर, २०१९ पर्यंत 'मायक्रोसॉफ्ट फ्लो' या नावाने ओळखले जाणारे पॉवर ऑटोमेट, २०२२ पर्यंत 'इंटिग्रोमॅट' असे नाव असलेले मेक, आणि बर्लिन येथे उदयास आलेले एन-एट-एन, ही या जातीची काही प्रसिद्ध साधने आहेत. चौकटी जोडणे एका दुपारात शिकता येते. परंतु त्या चौकटींतून वाहणारी मूल्ये कोठे ठरवावयाची, केव्हा बदलावयाची आणि कोठे वापरावयाची, हे न शिकता जो पुढे जातो, त्याचा कार्यप्रवाह चालतो खरा, पण चुकीचे सांगतो. म्हणून या लेखात आम्ही केवळ मूल्यांचाच विचार करणार आहोत, आणि उदाहरणापुरते पॉवर ऑटोमेट हे साधन पुढे ठेवणार आहोत.

बीजगणितातील चल आणि यंत्रातील चल

ज्ञात नसलेल्या संख्येस नाव देण्याची कल्पना आपल्या देशात जुनी आहे. इ. स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात पहिल्या अज्ञात राशीस 'यावत्तावत्' म्हणजे 'जितके तितके' असे म्हटले आहे, आणि पुढील अज्ञात राशींना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे दिली आहेत. आपण त्याच ठिकाणी क्ष आणि य ही अक्षरे वापरतो. क्ष + ५ = १२ असे समीकरण दिले असता क्षचे मूल्य ७ येते, आणि ते उदाहरण संपेपर्यंत ७ च राहते.

यंत्रातील चल मात्र दुकानदाराच्या 'मागील बाकी'सारखा आहे. त्याचे मूल्य काम चालू असतानाच बदलते. म्हणूनच 'क्ष = क्ष + १' हे विधान गणिताच्या तासाला अशक्य ठरते, पण संगणकाच्या जुन्या भाषांत ते नित्याचे आहे. तेथे त्याचा अर्थ 'क्षच्या जागेत आता जे आहे त्यात एक मिळवून ते पुन्हा त्याच जागेत ठेव' असा होतो. १९५७ साली आलेल्या फोर्ट्रान या भाषेने या आज्ञेसाठी बरोबरीचेच चिन्ह वापरले. हा घोटाळा टाळण्यासाठी अल्गोल या भाषेत बरोबरीच्या चिन्हापूर्वी अपूर्णविराम देण्याची पद्धत पडली. समता सांगणे निराळे आणि मूल्य ठेवणे निराळे, हा भेद त्या दोन ठिपक्यांत सामावला आहे.

पॉवर ऑटोमेटमध्ये हा भेद चौकटींच्या नावांतच दिसतो. 'इनिशिअलाइझ व्हेरिएबल' या चौकटीने चलाचे नाव, प्रकार आणि आरंभीचे मूल्य ठरते. 'सेट व्हेरिएबल' या चौकटीने जुने मूल्य पुसून नवे ठेवले जाते. 'इन्क्रिमेंट व्हेरिएबल' या चौकटीने असलेल्या मूल्यात भर पडते. येथे एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. 'सेट'च्या चौकटीत नवे मूल्य सांगताना त्याच चलाचे नाव घेता येत नाही. तसे केल्यास यंत्र अडून बसते. आहे त्यात भर घालावयाची असेल, तर भर घालण्याचीच चौकट घ्यावी लागते. पाटी पुसून लिहिणे आणि पाटीवर पुढे लिहिणे या दोन क्रिया यंत्राने अशा वेगळ्या ठेवल्या आहेत.

ग्रंथालयाचे उदाहरण

आता एक काल्पनिक पण व्यवहारातील उदाहरण घेऊ. शाळेच्या ग्रंथालयाने असे ठरविले आहे की, परत करण्याच्या तारखेनंतर दर पुस्तकास दर दिवशी १ रुपया विलंबशुल्क घ्यावे, आणि दर शनिवारी प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी त्याच्या एकूण शुल्काचा निरोप जावा. कार्यप्रवाहाची रूपरेषा सोपी आहे. शनिवारी दुपारी चार वाजता काम सुरू व्हावे. विद्यार्थ्यांची यादी वाचली जावी. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावावरील पुस्तके एकामागून एक तपासली जावीत. ज्या पुस्तकास उशीर झाला असेल त्याचे शुल्क 'एकूणशुल्क' या चलात मिळवावे. आणि अखेर निरोप जावा.

यात तीन प्रकारची मूल्ये आहेत. पहिले मूल्य दर, म्हणजे १ रुपया. ते सगळ्या कामात एकच राहते. ते प्रारंभी एकदाच ठरवावे आणि पुढे सर्वत्र त्याचे नाव वापरावे. तसे न करता चार चौकटींत चार वेळा '१' असा आकडा लिहिला, आणि पुढील वर्षी दर बदलताना तीनच जागी दुरुस्ती झाली, तर चौथी जागा जुन्या दराने हिशेब करीत राहील. दुसरे मूल्य उशिराचे दिवस. ते प्रत्येक पुस्तकागणिक नवे काढले जाते आणि वापरून झाले की संपते. अशा मूल्यासाठी 'कंपोज' नावाची साधी चौकट पुरते; तिच्यातले मूल्य त्या फेरीपुरते ठरते आणि मागाहून कोणास बदलता येत नाही. तिसरे मूल्य एकूणशुल्क. ते साठत जाते, आणि म्हणूनच सर्वांत अधिक जपावे लागते.

उशिराचे दिवस काढताना आजच्या तारखेतून परतीची तारीख वजा करावयाची. पण ज्या पुस्तकाची मुदत अद्याप दोन दिवस उरली आहे, त्याचे उत्तर उणे २ येईल. ते तसेच मिळविले तर एका पुस्तकाचा उशीर दुसऱ्या पुस्तकाच्या मुदतीने फिटेल! म्हणून मिळविण्यापूर्वी 'उत्तर शून्याहून अधिक आहे काय?' असा प्रश्न विचारणारी चौकट घालावी लागते.

'आज' हे मूल्यही वाटते तितके सरळ नाही. पॉवर ऑटोमेट आपणहून जी वेळ सांगते ती जागतिक प्रमाणवेळ असते, आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्यापुढे ५ तास ३० मिनिटे आहे. दुपारी चार वाजता चालणाऱ्या कामात तारीख बदलत नाही. तेच काम पहाटे ५ वाजता चालविले, तर यंत्राच्या लेखी आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेअकराच वाजलेले असतात आणि तारीख एक दिवसाने मागे पडते. म्हणून तारखेवर अवलंबून असलेल्या प्रत्येक कामात वेळ प्रथम भारतीय वेळेत रूपांतरित करून मगच वापरावी.

शून्यावर आणण्याचे महत्त्व

या उदाहरणाचा गाभा आता येतो. समजा, पहिल्या विद्यार्थ्याची दोन पुस्तके अनुक्रमे ३ आणि ५ दिवस उशिरा आहेत. त्याचे शुल्क ८ रुपये. दुसऱ्या विद्यार्थ्याचे एक पुस्तक ४ दिवस उशिरा आहे. त्याचे शुल्क ४ रुपये. तिसऱ्याने सर्व पुस्तके वेळेवर परत केली आहेत. त्याचे शुल्क शून्य.

आता एकूणशुल्काचे मूल्य कामाच्या आरंभी शून्य ठरविले, परंतु प्रत्येक नव्या विद्यार्थ्याच्या वेळी ते पुन्हा शून्यावर आणले नाही, तर काय घडेल? पहिल्याच्या घरी ८ रुपयांचा निरोप जाईल, तो बरोबर आहे. दुसऱ्याच्या वेळी जागेत ८ आधीच आहेत. त्यांत ४ मिळून १२ होतील, आणि त्याला १२ रुपये भरण्यास सांगितले जाईल. तिसऱ्याच्या वेळी काहीच मिळविले जाणार नाही. पण जागेत १२ तसेच आहेत. ज्याने एकाही पुस्तकास एका दिवसाचाही उशीर केला नाही, त्याच्या घरी १२ रुपयांचा निरोप पोचेल.

यातील खरी गंमत, अथवा खरा धोका, याच्या पुढे आहे. कचेरीतील कोणी दक्ष गृहस्थ काम संपल्यावर एकूणशुल्काचे अखेरचे मूल्य पाहतील, तर त्यांना १२ हा आकडा दिसेल. आणि शाळेचे खरे येणे किती? ८ अधिक ४ अधिक शून्य, म्हणजे १२ च! ताळा बरोबर जुळला, म्हणून ते निश्चिंत होतील. पण घरोघर गेलेल्या निरोपांची बेरीज मात्र ३२ रुपये असेल. यंत्राने कोठेही अडखळून तक्रार केलेली नाही. प्रत्येक चौकटीपुढे 'काम यशस्वी' अशीच खूण आहे.

उपाय एका चौकटीचा आहे. विद्यार्थ्यांची फेरी सुरू होताच, पुस्तके तपासण्यापूर्वी, एकूणशुल्क पुन्हा शून्य ठरवावे. चलाची प्रथम स्थापना करणारी चौकट पॉवर ऑटोमेटमध्ये फेरीच्या आत ठेवता येत नाही; ती बाहेर, सुरुवातीसच असावी लागते. म्हणून स्थापना एकदा बाहेर, आणि शून्यावर आणणे दर फेरीत आत, अशी विभागणी करावी. ज्या दुकानदाराने एका गिऱ्हाइकाचे पान संपवून दुसऱ्याचे पान उघडताना 'मागील बाकी' पहिल्याचीच उतरविली, त्याची पत गावात किती दिवस टिकेल?

येथे आणखी एक सावधगिरी हवी. 'अप्लाय टू ईच' ही फेरी घेणारी चौकट मुळात एकेक विद्यार्थी क्रमाने घेते. वेळ वाचावा म्हणून तिला एका वेळी ५० पर्यंत फेऱ्या एकदम चालविण्याची मुभा देता येते. परंतु सर्व फेऱ्यांना एकूणशुल्काची जागा एकच असते. एकाच फळ्यावर दोन मुले एकाच वेळी दोन निरनिराळी गणिते सोडवू लागली, तर एकाचे पुसणे दुसऱ्याच्या बेरजेत येणारच. म्हणून साठत जाणारे चल वापरावयाचे असेल, तर फेऱ्या एकामागून एकच चालू द्याव्यात.

मूल्याची जात ओळखावी

प्रत्येक मूल्याला नावाबरोबर प्रकारही असतो. पॉवर ऑटोमेटमध्ये पूर्णांक, अपूर्णांक, अक्षरमाला, होय-नाही, यादी आणि वस्तू असे सहा प्रकार आहेत. वस्तू म्हणजे अनेक नामांकित मूल्यांचा एक संच, जसे एका विद्यार्थ्याचे नाव, इयत्ता आणि तुकडी. प्रकार चुकला की मूल्य दिसावयास तेच, पण वागावयास निराळे होते. जावास्क्रिप्टवर आधारलेल्या एन-एट-एनसारख्या साधनात २ आणि ३ ही अक्षरे म्हणून आली, तर त्यांची 'बेरीज' ५ न होता २३ होते. उलट, '००७४' हा दाखल क्रमांक पूर्णांक म्हणून ठेवला तर त्याचा ७४ होतो, आणि मग तो नोंदवहीत सापडत नाही. ज्याची बेरीज-वजाबाकी कधी करावयाची नाही, असा क्रमांक आकड्यांनी लिहिलेला असला तरी अक्षरमाला म्हणूनच ठेवावा.

आम्हां मराठी माध्यमाच्या शाळांना याबाबत एक विशेष काळजी आहे. अर्ज भरताना कोणी '२५' असे देवनागरी अंक लिहितो. बेळगावकडे कोणी कन्नड अंक लिहील, बडोद्याकडे गुजराती. माणूस ते सर्व वाचतो. जावास्क्रिप्ट मात्र देवनागरी अंकांनी लिहिलेल्या मजकुराचे संख्येत रूपांतर करण्यास सांगितले असता 'ही संख्या नव्हे' असे उत्तर देते. याचा अर्थ आपण आपले अंक सोडावेत असा मुळीच नाही. मूल्य वापरण्यापूर्वी दहा देवनागरी अंकांच्या जागी त्यांचे दहा आंतरराष्ट्रीय अंक घालणारी एक पायरी कार्यप्रवाहात ठेवावी, म्हणजे झाले. यंत्राच्या सोयीसाठी विद्यार्थ्याने आपली लिपी बदलण्यापेक्षा कार्यप्रवाह रचणाऱ्याने एक चौकट अधिक मांडणे उचित होय.

रिकामी जागा आणि शून्य यांतील भेद तर आपण कधीच विसरू नये. समजा, एका विद्यार्थिनीस चार चाचण्यांत ६०, ७०, ८० आणि ७० गुण मिळाले आणि पाचवी चाचणी तिच्यापुरती अद्याप झालेलीच नाही. झालेल्या चाचण्यांची सरासरी ७० येते. त्या रिकाम्या जागेस यंत्राने शून्य मानले, तर पाच चाचण्यांची सरासरी ५६ होते. 'माहीत नाही' आणि 'काही नाही' ही दोन भिन्न उत्तरे आहेत. रिकामे मूल्य आले तर काय करावे, हे रचणाऱ्याने आधीच सांगून ठेवले पाहिजे.

मूल्याबरोबर त्याचे परिमाणही चालत गेले पाहिजे. अमेरिकेचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ नष्ट झाले. एका गणनप्रणालीने आवेग पौंड-सेकंदांत दिला आणि दुसरीने तो न्यूटन-सेकंदांत आहे असे समजून वापरला, हे त्याचे कारण ठरले. आकडा पोचला, परिमाण पोचले नाही. आपल्या उदाहरणात 'उशीर' असे नाव देण्याऐवजी 'उशीरदिवस', आणि 'शुल्क' असे देण्याऐवजी 'शुल्करुपये' असे नाव दिले, तर ही चूक दारातच अडते. 'क्ष१', 'क्ष२' अशी नावे देणारा स्वतःचेच काम सहा महिन्यांनी ओळखू शकत नाही.

मूल्याचे आयुष्य

अखेरची गोष्ट मूल्याच्या आयुष्याची. कार्यप्रवाहातील चल त्या एका खेपेपुरतेच जगते. या शनिवारी साठलेले एकूणशुल्क पुढील शनिवारी आपोआप हाती येत नाही; काम संपले की ते गेले. जे मूल्य पुढील खेपेसही हवे, ते यादीत अथवा तक्त्यात लिहून ठेवावे लागते. फळा तास संपल्यावर पुसला जातो, वही मात्र घरी जाते. कोणते मूल्य फळ्यावर लिहावयाचे आणि कोणते वहीत, हे आधी ठरवावे.

तथापि प्रत्येक खेपेचा वृत्तान्त यंत्र काही काळ जपून ठेवते. कोणत्या चौकटीत कोणते मूल्य आत गेले आणि कोणते बाहेर आले, हे त्यात पाहता येते. तपासणीस ही सोय फार उपयोगी आहे. पण याच कारणाने त्या वृत्तान्तात पालकांचे दूरध्वनी क्रमांक आणि विद्यार्थ्यांची माहितीही राहते, याचे भान ठेवून तो पाहण्याचा अधिकार मोजक्याच माणसांस द्यावा. गुप्त परवलीचे शब्द तर साध्या चलात कधीच ठेवू नयेत.

या सर्वांचे तात्पर्य एवढेच की, चौकटी जोडणे म्हणजे विचार करणे नव्हे. संकेतलेखनाचे श्रम या साधनांनी वाचविले आहेत. विचाराचे श्रम वाचविलेले नाहीत. शाळेच्या नावाने घरी आलेला निरोप पालक खरा मानतात. ज्याच्याकडे १२ रुपये चुकून मागितले गेले, त्याला यंत्र, चल आणि फेरी यांतले काही ठाऊक नसते. शाळेने आपल्या मुलास खोटे ठरविले, एवढेच त्याला कळते. म्हणून ज्या प्रत्येक मूल्याच्या आधारे एखाद्या माणसास काही सांगावयाचे आहे, त्याविषयी चार प्रश्नांची उत्तरे रचणाऱ्याजवळ तयार असावीत: हे कोठे ठरले? केव्हा बदलले? कोणी वापरले? आणि पुन्हा शून्यावर कोणी आणले?

स्वाध्याय

१. कागदावर 'पायरी', 'चलाचे नाव', 'पूर्वीचे मूल्य' आणि 'नंतरचे मूल्य' असे चार रकाने आखा. वरील तीन विद्यार्थ्यांचे उदाहरण प्रथम शून्यावर न आणता आणि मग शून्यावर आणून, दोन्ही प्रकारे ओळीने भरा.

२. तिन्ही विद्यार्थ्यांचा क्रम उलटा केल्यास, शून्यावर न आणलेल्या कामात कोणास किती रुपयांचा निरोप जाईल? चूक कोणाच्या वाट्यास येते, ते क्रमावर कसे अवलंबून आहे, हे दोन वाक्यांत लिहा.

३. दाखल क्रमांक, जन्मतारीख, उंची, उपस्थित आहे की नाही, आणि विषयांची नावे, यांपैकी प्रत्येकास कोणता प्रकार योग्य, ते सकारण सांगा.

४. आपल्या घरच्या दूधवाल्याच्या महिन्याच्या हिशेबात कोणती मूल्ये स्थिर आहेत, कोणती दररोज नवी निघतात आणि कोणती साठत जातात? महिन्याच्या पहिल्या तारखेस त्यांपैकी कोणते शून्यावर आणावे लागते, आणि मागील महिन्याचे पैसे देणे राहिले असल्यास ते कोठे लिहावे लागते?